आधी नमुना, मग औषध: कोंबड्यांच्या मायकोप्लाझ्मावर नेमकं प्रतिजैविक कसं निवडायचं

दिवाळी सरते, तापीकाठची हवा गार पडते आणि रात्री शेडचे पडदे खाली यायला लागतात. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांत माझा फोन वाजू लागतो. "डाक्टरसाहेब, कोंबड्या घुरघुर करी ऱ्हायन्यात. काय दिऊ?" बोलणारा नवापूरचा लेअरवाला (अंड्यांच्या कोंबड्या पाळणारा) असो, शिरपूरकडचा करारावर ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या) घेणारा असो की जामनेरचा पहिलीच बॅच टाकलेला पोरगा, प्रश्न हाच असतो. आणि बहुतेक वेळा फोन करण्याआधीच त्याने दुकानातून काहीतरी आणून पाण्यात टाकलेलं असतं.

तिथेच घोळ होतो. एकदा औषध पोटात गेलं की जंतू प्रयोगशाळेत वाढवून तपासणं अवघड होऊन बसतं, आणि मग पुढचा सगळा उपचार अंदाजाने चालतो. या लेखात मी तो अंदाज कमीत कमी कसा करायचा ते क्रमाने सांगणार आहे: आजार ओळखणं, नमुना काढणं, अहवाल वाचणं, औषध निवडणं आणि ते कोंबडीच्या पोटात योग्य मापाने पोचवणं. औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच घ्यायचं आहे. पण डॉक्टरला काय विचारायचं आणि काय दाखवायचं हे शेडवाल्याला माहीत असेल, तर दोघांचंही काम नीट होतं.

जंतूची एक गोष्ट आधी समजून घ्या

कोंबड्यांच्या ज्या रेंगाळणाऱ्या श्वसनरोगाला आपल्याकडे सगळे सीआरडी म्हणतात, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जिवाणू असतो. त्याला एमजी म्हणू. त्याचा भाऊबंद मायकोप्लाझ्मा सायनोव्ही, म्हणजे एमएस. तो सांधे धरतो, कधी श्वासनलिकेत गपचूप बसतो, आणि लेअरमध्ये अंड्याच्या टोकाकडचं कवच पातळ व खरखरीत करतो. टर्कीत आणखी दोन जाती त्रास देतात, पण आपल्या भागात टर्की पाळणारे बोटावर मोजण्याइतके, म्हणून त्या इथे सोडतो.

मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते. बाकीच्या जिवाणूंभोवती असतं तसं कडक कवचच त्याच्याभोवती नाही. पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफलोस्पोरिन ही सगळी औषधं ते कवच बनू न देण्याचं काम करतात. मायकोप्लाझ्माला कवचच नाही म्हटल्यावर ती मारणार कशाला? डोस दुप्पट करा, तिप्पट करा, त्याला काही होत नाही. बॅसिट्रॅसिनचंही तेच. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम जिवाणूची फॉलिक आम्ल बनवण्याची वाट अडवतात, पण मायकोप्लाझ्मा ते स्वतः बनवतच नाही, म्हणून तीही निरुपयोगी. कोलिस्टिनही चालत नाही, आणि खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत कोलिस्टिन वापरायला केंद्र सरकारने जुलै 2019 पासून बंदीच घातली आहे. जुना डबा कपाटात असेल तर तो वापरात आणू नका.

ही यादी शेडच्या भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहे. या औषधांबाबत तपासणीचीही गरज नाही, ती पहिल्या दिवसापासून बाद आहेत. एमएसच्या बाबतीत त्यात एक नाव वाढवा, एरिथ्रोमायसिन. एमजीवर ते चालू शकतं, पण एमएस जन्मजात त्याला दाद देत नाही. म्हणून नुसतं "मायकोप्लाझ्मा आहे" एवढं कळून भागत नाही, कोणता आहे तेही कळायला हवं.

सगळ्यात जास्त होणारी चूक

कोंबडी मेली, शवविच्छेदन झालं. हृदयावर आणि यकृतावर पिवळी-पांढरी साय दिसली. तिथला स्वॅब प्रयोगशाळेत गेला आणि तीन दिवसांत अहवाल आला: अमुक औषधाला संवेदनशील, तमुकाला प्रतिरोधक. शेडवाला खूश, औषध सुरू. पाच दिवस घुरघुर कमी झाली आणि औषध संपलं तशी परत आली.

झालं असं की तो अहवाल ई. कोलाय या दुसऱ्याच जिवाणूचा होता. एमजी श्वासनलिकेच्या अस्तराची वाट लावतो आणि त्या मोकळ्या वाटेने ई. कोलाय आत शिरतो. साय त्याची असते. तो साध्या माध्यमावर एका रात्रीत वाढतो, म्हणून अहवालात तोच येतो. मायकोप्लाझ्मा त्या ताटलीत वाढणंच शक्य नाही. त्या अहवालात अमॉक्सिसिलिनपुढे "संवेदनशील" लिहिलेलं असतं ते ई. कोलायसाठी, आणि आपण ते सीआरडीचं औषध म्हणून देतो. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या फसलेल्या उपचारांत हे कारण सर्वांत जास्त वेळा सापडलं.

म्हणून अहवाल हातात आला की पहिली ओळ वाचा: कोणता जंतू वाढला? तिथे मायकोप्लाझ्मा लिहिलेलं नसेल, तर तो अहवाल दुय्यम संसर्गापुरताच खरा. आणि कागदाच्या गोल चकत्या ठेवून केलेली चाचणी मायकोप्लाझ्मासाठी कुणी दिली, तर तिच्यावर विसंबू नका. हा जंतू इतका सावकाश वाढतो की तो दिसेपर्यंत चकतीतलं औषध पसरून विरळ झालेलं असतं, आणि चकतीभोवतीच्या वर्तुळाला काही अर्थ उरत नाही.

पहिलं काम: खरंच मायकोप्लाझ्माच आहे का?

रात्री दहा-साडेदहाला, दिवे बंद झाल्यावर, पंखे दोन मिनिटं थांबवून शेडमध्ये उभे राहा. दिवसाच्या कलकलाटात जे ऐकू येत नाही ते तेव्हा येतं. ओलसर खुरखुर, मधूनच शिंक, फेस असलेले डोळे, ओल्या नाकपुड्या, खाद्य हळूहळू कमी होणं, अंडी दोन-चार टक्क्यांनी घसरणं: एमजी असा सावकाश चालतो. मर फार नसते. शवविच्छेदनात हवेच्या पिशव्या काचेसारख्या स्वच्छ असायला हव्यात. त्या धुरकट, फेसाळ किंवा दह्याच्या गुठळ्या धरलेल्या दिसल्या तर संशय पक्का होतो. लंगडणं, घोट्याचा सांधा सुजणं, तळपाय गरम आणि फुगलेला असणं हा एमएसचा रंग.

पण राणीखेत, आयबी (इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस), कोरायझा हे श्वसनाचे आजारही असेच आवाज करत येतात. कोरायझात चेहरा सुजतो आणि नाकाच्या स्रावाला घाण वास येतो. आणि एक गोष्ट खान्देशात तरी कुणाला वेगळी सांगायला नको. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला. अचानक मोठी मर, निळसर तुरे, सुजलेली डोकी असं काही दिसलं तर स्वॅब-बिब काढत बसू नका. शेड बंद करा, पक्षी हलवू नका आणि लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मायकोप्लाझ्माचा विचार त्यानंतर.

रक्ततपासणी स्वस्त आणि झटपट आहे. सीरमचा एक थेंब आणि रंगीत प्रतिजनाचा एक थेंब काचपट्टीवर मिसळला की दोन मिनिटांत गुठळ्या दिसतात किंवा दिसत नाहीत. सीरम ताजं हवं, गोठवलेलं नको, आणि नुकतीच तेलातली लस टोचली असेल तर ही चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते. शिवाय संसर्ग होऊन आठवडा-दहा दिवस झाल्याशिवाय रक्तात काही दिसत नाही. म्हणून एक-दोन कोंबड्यांवर निर्णय घेऊ नका, दहा-वीस तरी तपासा. खात्री करायला पीसीआर, म्हणजे जंतूची जनुकीय चाचणी. त्यातून एमजी की एमएस हेही कळतं.

दुसरं काम: नमुना, आणि तोही पहिल्या डोसच्या आधी

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे बिघडलं की पुढचं सगळं वाया.

प्रयोगशाळेला आधी फोन करा. पुण्याला औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे. परळ, नागपूर, शिरवळ इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. काही खासगी प्रयोगशाळाही आहेत. प्रत्येक ठिकाणी मायकोप्लाझ्मा जिवंत वाढवून त्याची औषधसंवेदनशीलता तपासतातच असं नाही. बऱ्याच जागी रक्ततपासणी आणि पीसीआरवर काम थांबतं. म्हणून नेमका प्रश्न विचारा: "मायकोप्लाझ्मा वाढवून एमआयसी काढून मिळेल का? नमुन्याचं माध्यम तुम्ही पाठवाल का?" (एमआयसी म्हणजे जंतूची वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण, ते पुढे सांगतो.) हो म्हणाले तरच पुढे जा.

माध्यमाच्या नळ्या आधी मागवून घरी फ्रिजमध्ये ठेवा. फ्रेच्या माध्यमात, म्हणजे मायकोप्लाझ्माला जगवणाऱ्या पोषक द्रवात, स्वॅब बुडवून पाठवायचा असतो. पीसीआरला कोरडा स्वॅब चालतो, वाढवायला चालत नाही. लाकडी काडीचे, कापूस गुंडाळलेले मेडिकलमधले स्वॅब टाळा, कृत्रिम धाग्याचे प्लॅस्टिक काडीवाले घ्या.

पक्षी निवडताना खुरखुर नुकतीच सुरू झालेले घ्या. महिनाभर आजारी असलेल्यात जंतू कमी आणि ई. कोलायची गर्दी जास्त असते. चोच उघडली की टाळूत एक उभी फट दिसते. स्वॅब तिथे हलकेच फिरवा, मग श्वासनलिकेच्या तोंडाशी. ताजा मेलेला पक्षी असेल तर श्वासनलिका, हवेच्या पिशव्या आणि सुजलेला सांधा यांतून वेगवेगळे स्वॅब. दहा-पंधरा पक्षी पुरेसे. शेडच्या चारही कोपऱ्यांतून घ्या, दाराजवळच्याच पिंजऱ्यांतून नको.

डबा थर्मोकोलचा, आत बर्फाच्या जेल पिशव्या, नळ्या सरळ उभ्या. बर्फाला चिकटून गोठू देऊ नका आणि घरच्या फ्रीझरमध्ये तर मुळीच टाकू नका. चोवीस तासांत पोचायला हवं, फार तर अठ्ठेचाळीस. जळगाव-धुळ्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने डबा पुण्याला सकाळी पोचतो, पण उतरवून घेणारं माणूस आधी ठरवा. मे महिन्यात पार्सलच्या कप्प्यात दुपार गेली तर आतला जंतू मेलाच समजा. शनिवारी पाठवू नका.

सोबतच्या कागदावर वय, पक्ष्यांची संख्या, कुठल्या लसी कधी दिल्या आणि गेल्या महिन्यात पोटात गेलेलं प्रत्येक औषध लिहा. एमजीची जिवंत लस दिली असेल तर ते ठळक लिहा, नाहीतर लसीचाच जंतू वाढवून त्याचा अहवाल हातात येईल. औषध आधीच सुरू झालं असेल तर लपवू नका. शेवटच्या डोसनंतर साधारण दोन आठवडे थांबून नमुना घेतला तर जंतू वाढायची आशा असते.

नमुना निघाला की त्याच संध्याकाळी उपचार सुरू करायला हरकत नाही. अहवालाची वाट पाहत पक्षी मरू द्या असं मी म्हणत नाही.

प्रयोगशाळेत काय होतं आणि इतके दिवस का लागतात

एमजीच्या वसाहती भिंगाखाली तळलेल्या अंड्यासारख्या दिसतात, मध्ये घट्ट आणि कडेला पसरट. त्या उमटायलाच तीन ते दहा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. मग एक शुद्ध वाण वेगळा काढायचा, तो एमजी की एमएस ते ठरवायचं, पुन्हा वाढवायचा. एकाच कोंबडीत दोन्ही असू शकतात आणि त्यात एमएस एमजीला झाकून टाकतो, म्हणून ही पायरी गाळता येत नाही.

नंतर बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये औषधाचं प्रमाण दर खळग्यात निम्मं करत नेतात: 8, 4, 2, 1, 0.5, असं खाली खाली. प्रत्येकात ठराविक जंतू सोडतात. माध्यम लाल असतं. जंतू वाढला की तो साखर आंबवतो आणि रंग पिवळ्याकडे झुकतो. ज्या सगळ्यात कमी प्रमाणात रंग बदलला नाही, तो आकडा म्हणजे एमआयसी, मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणारं किमान औषध.

हे सगळं मिळून तीन-चार आठवडे सहज जातात. ब्रॉयलरची बॅच तोवर गाडीत चढलेली असते. म्हणून ब्रॉयलरवाल्याला मी स्पष्ट सांगतो की हा अहवाल तुमच्या या बॅचसाठी नाही, पिल्लं कुठून येतात त्या हॅचरीशी बोलण्यासाठी आणि पुढच्या बॅचसाठी आहे. लेअरवाल्याचं गणित निराळं. त्याचा लॉट सत्तर-ऐंशी आठवडे उभा राहतो आणि त्याच आवारात तीन-चार वयांचे लॉट असतात. जंतू एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो, आणि एकदा काढलेला अहवाल पुढचे अनेक महिने उपयोगी पडतो. या तपासणीवर पैसा खर्च करायला सर्वांत जास्त कारण लेअरवाल्याकडे आहे.

अहवाल कसा वाचायचा

समजण्यासाठी एक अहवाल मनाने मांडतो. टायलोसिन 32, एन्रोफ्लॉक्सासिन 4, डॉक्सीसायक्लिन 0.25, टायाम्युलिन 0.03.

पहिला मोह होतो सगळ्यात लहान आकडा शोधून तेच औषध द्यायचा. तसं करू नका. वेगवेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तोलता येत नाहीत, कारण प्रत्येक औषध रक्तात आणि फुफ्फुसात वेगळ्या पातळीला पोचतं. टायलोसिनसारखी औषधं रक्तात कमी दिसतात पण फुफ्फुसाच्या ऊतीत साठतात. आकडा त्याच औषधाच्या नेहमीच्या संवेदनशील वाणांशी ताडून पाहायचा. टायलोसिनला संवेदनशील एमजी एक मायक्रोग्रॅमच्याही बराच खाली थांबतो. तिथे 32 आलं म्हणजे ते औषध या शेडसाठी संपलं. एन्रोचा 4 हाही तसाच, बाद. डॉक्सी आणि टायाम्युलिन दोन्ही हातात आहेत.

दुसरं, 0.25 आणि 0.5 यांत फरक मानू नका. प्रमाण दर वेळी निम्मं होत असल्याने एक घर इकडेतिकडे ही चाचणीची नेहमीची मुभा आहे. मागच्या वर्षी 0.25 होतं, यंदा 0.5 आलं, म्हणून घाबरायचं नाही. 0.25 चं 4 झालं तर घाबरायचं.

तिसरं, कोंबड्यांच्या मायकोप्लाझ्मासाठी "इतक्याच्या वर प्रतिरोधक" अशी सगळ्या जगाने मान्य केलेली अधिकृत रेघ अजून नाही. अहवालावर नुसतं "संवेदनशील" किंवा "प्रतिरोधक" लिहिलं असेल तर मूळ आकडे मागून घ्या. आकडा दहा वर्षांनीही वाचता येतो. शब्दाचा अर्थ मात्र त्या प्रयोगशाळेच्या रेघेवर अवलंबून असतो.

औषधांचा एकेक गट, माझ्या अनुभवाने

टायलोसिन, टिल्मिकोसिन, टिलव्हॅलोसिन हा एक परिवार. वर्षानुवर्षं दिलेला, म्हणून यांच्याविरुद्ध प्रतिकार जगभर सापडतो. मायकोप्लाझ्माच्या रायबोसोममधल्या एका अक्षराच्या बदलाने तो येतो आणि बहुधा पूर्ण परिवाराला थोडाफार लागू होतो, लिंकोमायसिनलाही. टायलोसिन चालेना म्हणून टिल्मिकोसिनवर उडी मारणं हे पुष्कळदा त्याच बंद दाराला दुसऱ्या हाताने ढकलणं ठरतं.

एन्रोफ्लॉक्सासिन. याच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. चांगलं औषध होतं. प्रत्येक शिंकेला ते दिलं गेलं, अर्ध्या डोसात, दोन दिवस, आणि जंतू शिकत गेला. त्याच्या जनुकातले बदल एकावर एक साठत जातात आणि प्रत्येक अर्धवट उपचार एक पायरी वर नेतो. अमेरिकेने सप्टेंबर 2005 मध्ये कोंबड्यांत ते बंद केलं, कारण माणसाच्या आतड्याच्या आजारातही फ्लुओरोक्विनोलोन हा त्याचा गट चालेनासा होत होता. हा गट माणसाच्या अत्यंत महत्त्वाच्या औषधांत मोडतो, म्हणून अहवालात तो संवेदनशील असला आणि दुसरं काही चालत असलं, तर मी एन्रो देत नाही. खाण्याची अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना तर नाहीच.

डॉक्सीसायक्लिन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन: अजूनही बऱ्याच वाणांवर चालतात, प्रतिकार सावकाश येतो. अडचण दुसरीच आहे. कॅल्शियम त्यांना धरून ठेवतं. लेअरच्या खाद्यात सुमारे चार टक्के कॅल्शियम असतं, वरून शिंपल्यांचा चुरा. ऑक्सिटेट्रासायक्लिन त्यात जास्त अडकतं, डॉक्सी तुलनेने कमी.

टायाम्युलिन. मायकोप्लाझ्मावर एमआयसी बहुधा सगळ्यात खाली, प्रतिकारही कमी. पण याच्याबाबतीत एक गोष्ट मी फोनवर दोनदा सांगतो आणि इथेही सांगणार. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, नॅरासिन ही कॉक्सीची (रक्ती हगवणीची) आयनोफोर गटातली औषधं खाद्यात असतील, तर टायाम्युलिन देऊ नका. ते यकृताला ही औषधं मोडू देत नाही, ती अंगात साठतात आणि पक्ष्याचे पाय जातात. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या हातून पुलेटच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांच्या, एका लॉटवर टायाम्युलिन गेलं. खाद्याच्या पिशवीवर काही लिहिलेलं नव्हतं आणि मी खाद्याच्या गिरणीला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी पाय मागे टाकून पडलेले होते. त्या माणसाने मला एक शब्द सुनावला नाही, ते अजून आठवतं. तेव्हापासून नियम: खाद्य बनवणाऱ्याला स्वतः फोन करायचा, आणि आयनोफोर असेल तर त्याच्या आधी-नंतर किमान सात दिवसांचं अंतर सोडायचं.

माप: लिटरवर नाही, वजनावर

पाकिटावर "एक लिटरला एक ग्रॅम" असं लिहिलेलं असतं. खान्देशच्या हवेत हे लिटरचं माप दगा देतं. हिशोब असा करा.

दहा आठवड्यांच्या 5000 पुलेट, सरासरी वजन 900 ग्रॅम, म्हणजे 4500 किलो. डॉक्टरने डॉक्सी किलोला 20 मिलिग्रॅम लिहिलं, तर दिवसाला 90 ग्रॅम शुद्ध औषध. पावडर 10 टक्क्यांची असेल तर 900 ग्रॅम, 50 टक्क्यांची असेल तर 180 ग्रॅम. पाणी कितीही पिवोत, दिवसाचं औषध एवढंच.

आता पाण्याकडे पाहा. हिवाळ्यात त्या 5000 पक्ष्यांनी 650 लिटर पाणी प्यायलं असं धरून तुम्ही लिटरचं माप ठरवलं. मे महिन्यात, भुसावळ-जळगावचा पारा 44-45 वर असताना, ते 1100 लिटर पितात. त्याच मापाने त्यांच्या पोटात 90 ऐवजी 152 ग्रॅम जाईल. आणि आजारी, थंडीने गारठलेला लॉट 450 लिटरच प्यायला, तर जेमतेम 62 ग्रॅम. हा अर्धवट डोसच जंतूला शिकवतो. म्हणून आधीच्या दोन दिवसांचं पाणी मीटरवर किंवा टाकीच्या खुणेवर मोजा आणि मग औषध विरघळवा. वजनही अंदाजाने नको, निदान पन्नास पक्षी काट्यावर चढवा.

बोअरचं पाणी जड असतं. चहाच्या पातेल्याला पांढरी खापरी धरत असेल तर तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम औषधालाही धरतं. डॉक्सीला आंबट पाणी मानवतं, म्हणून सोबत थोडं सायट्रिक आम्ल देतात. एन्रोचं उलटं आहे, त्याच्या टाकीत आम्ल घातलं तर साका बसतो. टाकीत ओतण्याआधी काचेच्या ग्लासात तुमच्याच पाण्यात मिसळून अर्धा तास ठेवा. पाणी गढूळ झालं किंवा तळाला साका आला तर ते मिश्रण टाकीत जाऊ देऊ नका. औषधाच्या दिवशी पाण्यात क्लोरीन नको. टाकी सावलीत हवी. पत्र्यावर तापलेल्या काळ्या टाकीचं पाणी कोंबडी पीत नाही आणि डॉक्सी उजेडातही खराब होतं. औषध रोज ताजं करा. उपचार सुरू करण्याआधी निपलची, म्हणजे कोंबड्या चोचीने पाणी पितात त्या तोट्यांची, लाइन जोरात धुऊन काढा, आतला बुळबुळीत थर औषध खातो.

टायलोसिन आणि डॉक्सी दिवसभराच्या पाण्यात पसरून द्या, कारण त्यांचं काम पातळी टिकण्यावर चालतं. लिहून दिलेले दिवस पूर्ण करा. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला म्हणून डबा झाकून ठेवायचा नाही.

अंडी आणि मांस

औषध अंड्यात उतरतं. पिवळा बलक तयार व्हायला बरेच दिवस लागतात, म्हणून औषध थांबल्यावरही ते येत राहतं. लेबलवर थांबण्याचा काळ लिहिलेला असतो. तो लिहिलेला नसेल, तर आपल्या औषध नियमांत 2012 पासून किमान मर्यादा आहे: अंड्यांसाठी 7 दिवस, मांसासाठी 28 दिवस. त्या दिवसांची अंडी सुरतेच्या गाडीत चढवू नका. तोटा होतो, मला ठाऊक आहे. म्हणूनच लेअरमध्ये उपचार शक्यतो पुलेटच्या वयात उरकायचा आणि औषध निवडताना लेबलवर अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठी परवानगी आहे का हे आधी पाहायचं.

औषधाने काय होत नाही

सर्वांत संवेदनशील औषध, पूर्ण डोस, पूर्ण दिवस, इतकं सगळं केलं तरी मायकोप्लाझ्मा शेडमधून जात नाही. लक्षणं थांबतात, अंडी सावरतात, अंड्यातून पिल्लात जाणारा संसर्ग कमी होतो. पण बरी झालेली कोंबडी जंतू बाळगूनच राहते आणि पुढची थंडी, पुढची लस किंवा पुढचं खाद्यबदल त्याला परत उठवतं.

तो अंड्यातून येतो, म्हणून "आमच्या शेडवर टायलोसिन कधी वापरलंच नाही" याला फारसा अर्थ नाही. प्रतिकार शिकलेला जंतू पिल्लाबरोबर पेटीतूनच उतरू शकतो. पिल्लं घेताना मूळ पैदाशीचे लॉट एमजी-एमएसमुक्त आहेत का, याचा तपासणी अहवाल मागा. मोठ्या ऑर्डरवाल्याला तो मिळतो. लहान शेडवाल्यांनी चार-पाच जणांनी मिळून मागावा.

हिवाळ्यात पडदे पूर्ण बंद करू नका, वरची वीतभर फट उघडी ठेवा. शेडमध्ये शिरताना डोळे चुरचुरले तर कोंबड्यांच्या श्वासनलिकेची काय गत असेल ते समजा. अमोनिया मायकोप्लाझ्माची अर्धी वाट मोकळी करून देतो. लेअरला एमजीची लस देता येते, आणि आवारात अनेक वयांचे लॉट असतील तर मी ती सुचवतो. जिवंत लस दिली त्याच्या आगेमागे मायकोप्लाझ्मावर चालणारं प्रतिजैविक देऊ नका, लसीचाच जंतू मरतो आणि पैसे पाण्यात जातात.

वही

उपचार संपल्यावर दहा दिवसांनी परत रात्री शेडमध्ये उभे राहा. खुरखुर, मर, खाद्य, पाणी, अंडी रोज लिहिलेली असतील तर औषधाने काम केलं की थंडी ओसरल्याने बरं वाटलं, ते कळतं. संवेदनशील अहवाल असूनही आराम नसेल तर जंतूला दोष देण्याआधी डोस, पाणी, आयबी-राणीखेतची लस आणि ई. कोलाय या क्रमाने तपासा. माझ्या पाहण्यात चूक बहुतेकदा पहिल्या दोनांत निघते.

एका पानावर एक लॉट: नमुन्याची तारीख, जंतूची जात, प्रत्येक औषधाचा एमआयसी आकडा, काय दिलं, किती ग्रॅम, किती दिवस, काय झालं. पुढच्या दिवाळीनंतर घुरघुर ऐकू आली आणि अहवालाला महिना लागणार असेल, तर पहिल्या संध्याकाळचं औषध याच पानावरून ठरवायचं. प्रयोगशाळेलाही सांगून ठेवा की आमचा वाण गोठवून जपा. दोन वर्षांनी नवा आणि जुना शेजारी ठेवून एकाच प्लेटमध्ये तपासता येतात.

आणि लॉट विकला की शेड रिकामं ठेवा. अंगाबाहेर हा जंतू दुबळा असतो. पिसांवर, कापसावर, माणसाच्या केसांवर तो दोन-चार दिवसच तगतो, आणि उन्हात त्याहून कमी. आपल्या एप्रिल-मेचं ऊन याच कामाला लावा: शेड धुवा, पडदे वर करा, पिंजरे तापू द्या, निदान दोन आठवडे. शेजारच्या शेडवर काम करणारा गडी त्या काळात आत येऊ देऊ नका, आणि पिल्लं उतरवायच्या दिवशी त्याला आंघोळ करून, दुसरे कपडे घालूनच बोलवा.